हेलपाटे

मनुष्याच्या आयुष्यांतील श्रमांचा हिशेब कोणीं मांडला, तर त्यांत प्रत्यक्ष कामाचा वांटा थोडा आणि कामापर्यंत जाण्यायेण्याचा वांटा मोठा निघेल, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. या जाण्यायेण्याला मराठींत 'हेलपाटा' असा एक फार नेमका शब्द आहे. खेप आणि हेलपाटा यांत फरक आहे. खेपेला कांहीं तरी पदरीं पडतें. हेलपाट्यांत पायांना शीण तेवढा होतो, आणि हातीं आलेली वस्तु इतकी थोडी असते कीं, पुन्हा निघावें लागतें. ज्या घरांत चुलीवर भांडें चढल्यानंतर एकदां मिठासाठीं, एकदां कोथिंबिरीसाठीं आणि एकदां काडेपेटीसाठीं मुलाला वाण्याकडे पिटाळतात, त्या घरीं मूल कितीहि चपळ असलें तरी जेवणाला उशीर व्हावयाचाच. अशा वेळीं वडील मंडळी मुलाला 'धांवत जा' म्हणून बजावतात. 'थांब, आणखी काय काय हवें तें आठवूं दे' असें म्हणणारें माणूस विरळा. त्वरा म्हणजे धांवणें, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजून बसली आहे कीं, खेपा कमी करणें हीहि त्वराच आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

हा विचार आम्हांस ज्या निमित्तानें सुचला तें निमित्त आमच्या धंद्यांतलें नव्हे. आमचा धंदा वसईच्या बाजूला महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. यंत्राशीं आमचा संबंध पंखा आणि टेलिफोन यांच्यापलीकडे फारसा गेलेला नाहीं. निमित्त झाली आमची एक जुनी विद्यार्थिनी. ती शास्त्रशाखेची, इंग्रजीचा तास तिला सक्तीचा होता, आणि शेवटच्या बांकावर बसून ती गणितें सोडवीत असे, हें आम्हांस तेव्हांहि दिसत होतें. आज ती विरारला राहते आणि मुंबईंतील एका कंपनींत रात्रपाळीचें काम करते. काम कशाचें, तर एका बँकेचे हिशेब ज्यावर चालतात त्या मोठ्या यंत्राचें. या जातीच्या यंत्रास 'मेनफ्रेम' म्हणतात. आपल्या हातांतील टेलिफोन एका माणसाचीं शंभर कामें करतो. मेनफ्रेम लाखों माणसांचें एकच काम करतें, पण तें चुकून चालत नाहीं.

मुंबईला हीं यंत्रें नवीं नाहींत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० सालीं कामास लागला. पुढच्याच वर्षीं एस्सो या तेलाच्या कंपनीनें मुंबईंत आय्. बी. एम्. १४०१ हें यंत्र बसविलें. व्यापारी हिशेबासाठीं या देशांत आलेल्या अगदीं पहिल्या यंत्रांपैकीं तें एक. १९६४ सालच्या एप्रिलमध्यें त्याच आय्. बी. एम्.नें अमेरिकेंत 'सिस्टिम ३६०' नांवाचें एक यंत्रकुल जाहीर केलें, आणि आजचीं मेनफ्रेम यंत्रें बहुतांशीं त्याच कुळांतलीं आहेत. मध्यंतरीं, १९७८ सालीं, ती कंपनी भारतांतून निघून गेली व १९९२ सालीं टाटांच्या भागीदारीनें परत आली. परंतु तिच्या यंत्रांची भाषा मुंबईनें टाकली नाहीं. १९७३ सालीं अंधेरीला सीप्झ ही निर्यातीची वसाहत वसली. पुढें दोन हजार सालाच्या तारखांची जगाला धास्ती पडली, तेव्हां ही जुनी भाषा जाणणारीं माणसें हवींत म्हणून आपलीं किती तरी मुलें ती शिकलीं. ज्यांना मुंबईंत घर परवडेना त्यांनीं नालासोपारा आणि विरार येथें बिऱ्हाडें केलीं. तेव्हां मेनफ्रेम हा विषय वसईकरांस परका आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. तो आमच्या शेजारच्या दारांतून रोज सायंकाळीं डबा घेऊन बाहेर पडतो.

आमच्या विद्यार्थिनीचें काम थोडक्यांत सांगावयाचें तर यंत्राचे हेलपाटे वांचविण्याचें. यंत्राला हेलपाटे कसले, असें आम्हींहि तिला विचारलें. त्यावर तिनें जें सांगितलें तें आम्हांस इतकें ओळखीचें वाटलें कीं, वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

यंत्र बेरीज-वजाबाकी फार वेगानें करतें; पण ज्या आंकड्यांची बेरीज करावयाची ते त्याच्या जवळ नसतात. त्याची स्वतःची स्मृति निराळी आणि नोंदींची कोठी निराळी. या कोठींतील नोंदींच्या चळतीला 'फाईल' म्हणतात. ही कोठी प्रथम कागदाच्या पत्त्यांची होती, मग चुंबकीय फितींची झाली, आणि १९५६ सालापासून फिरत्या तबकड्यांची. त्या वर्षीं निघालेल्या पहिल्या पेटींत ५० तबकड्या होत्या व त्यांत सारीं मिळून ५० लाख अक्षरें मावत. १९८९ सालीं ३३९० या क्रमांकाची जी तबकडी निघाली ती मिनिटाला ४,२०० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्यास सुमारें १४ मिलिसेकंद लागत. हवी ती नोंद वाचणाऱ्या डोक्याखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागे, आणि डोकें योग्य जागीं सरकविण्याचा वेळ त्याहून वेगळा. आज तबकड्या बहुतेक फिरावयाच्या थांबल्या आहेत. त्यांच्या जागीं न फिरणारी स्मृति आली आहे. मात्र यंत्रापुढें ती अद्याप ३३९० चेंच सोंग घेऊन उभी राहते. खेप आतां पुष्कळदां एका मिलिसेकंदाच्या आंत पुरी होते. हें ऐकून आम्ही म्हणालों, "मग प्रश्न मिटला." ती म्हणाली, "सर, २०२२ सालच्या यंत्राचा ठोका सेकंदाला ५२० कोटी वेळां पडतो. एका मिलिसेकंदांत ५२ लाख ठोके झाले. तितका वेळ तें काम हात जोडून बसून राहतें." थोडक्यांत, कोठी जवळ आली, पण मालक त्याहूनहि अधिक उतावीळ झाला.

खेप महाग पडण्याचें आणखी एक कारण आहे. दोन नोंदींच्या मध्यें थोडी कोरी जागा सोडावी लागते. जुन्या फितींवर ही जागा फूटपट्टीनें मोजतां येई. एका जातीच्या फितीवर इंचाला ८०० अक्षरें बसत. ८० अक्षरांची एक नोंद एक-दशांश इंचांत मावे. पण फीत थांबावयास आणि पुन्हा वेग घ्यावयास पुढें सहा-दशांश इंच फीत कोरी सोडावी लागे. म्हणजे एक भाग मजकूर आणि सहा भाग कांहींच नाहीं. यावर उपाय असा कीं, शंभर-दोनशें नोंदी एकत्र बांधून त्यांचा एकच गठ्ठा करावयाचा, आणि कोरी जागा गठ्ठ्यागठ्ठ्यांच्या मध्यें तेवढी सोडावयाची. या गठ्ठ्यास 'ब्लॉक' असें नांव आहे.

विरारच्या गाडीनें जाणाऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईस पहिली लोकल निघाली, तेव्हां दिवसाला एकच गाडी होती; कोरी जागाच सारी. आज त्या रुळांवर गाडीमागें गाडी आहे. तथापि दोन गाड्यांच्या मध्यें सिग्नलनें ठरविलेलें अंतर सोडावेंच लागतें, मग गाडी नऊ डब्यांची असो वा बारा डब्यांची. म्हणून २००९ सालीं या मार्गावर १५ डब्यांची लोकल धांवूं लागली, तेव्हां माणसें अधिक गेलीं तीं गाडी वेगानें पळाली म्हणून नव्हे. त्याच कोऱ्या जागेच्या मोलांत गठ्ठा मोठा झाला म्हणून.

आतां आंकडे पाहा. ८० अक्षरांच्या १० लाख नोंदींची फाईल आहे असें धरा. एकेक नोंद सुटी ठेवली, तर ३३९० च्या एका वर्तुळावर ७८ नोंदी बसतात, आणि सारी फाईल मावण्यास १२,८२१ वर्तुळें लागतात. त्याच नोंदी ३४९ चा एक अशा गठ्ठ्यांत बांधल्या, तर एका वर्तुळावर ६९८ नोंदी बसतात आणि १,४३३ वर्तुळांत काम भागतें. जागेची ही बचत झाली. खेपांची बचत त्याहून मोठी आहे. एका खेपेस एक सुटी नोंद आणली, तर १० लाख खेपा. गठ्ठा आणला, तर २,८६६. जुन्या तबकडीची एक खेप १० मिलिसेकंदांची धरली, तर पहिल्या रीतीस पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. दुसऱ्या रीतींत मोठ्या गठ्ठ्यासाठीं प्रत्येक खेपेला दुप्पट वेळ दिला, तरी सारें काम एका मिनिटाच्या आंत आटोपेल. यंत्र तेंच, तबकडी तीच, नोंदी त्याच. बदलला तो एक आंकडा.

आणलेला गठ्ठा उतरवून घ्यावयास यंत्राच्या स्मृतींत जी जागा राखून ठेवतात तिला 'बफर' म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. माजघरांतला रांजण डोळ्यांपुढें आणला म्हणजे पुरे. मात्र रांजण एकच असेल, तर तो भरेपर्यंत घर थांबतें आणि तो रिकामा होईपर्यंत पाणी आणणारा थांबतो. म्हणून रांजण दोन-चार असावे लागतात: एकांतून पाणी घ्यावें, तोंवर दुसरा भरावा. देशावरच्या मोटेंत आणि वसईच्या रहाटांत हाच फरक होता. मोट भरून वर येते, रिकामी होते आणि बैल उलट पावलीं मागें सरकत पुन्हा खालीं जाते. तेवढा वेळ पाटाचें पाणी तुटतें. रहाटाचें एक गाडगें रितें होत असतें तेव्हां दुसरीं भरून वर येत असतात. पाटाला खंड माहीत नाहीं. निर्मळ, भुईगांव, आगाशी या बाजूचे आमचे बागाईतदार आणखी एक पाऊल पुढें गेले होते. त्यांनीं वाडींत बावखलें खणलीं. चार महिन्यांत कोसळणारा पाऊस त्या डबक्यावजा तळ्यांत सांठावा, जमिनींत मुरावा, विहिरीला पुरावा आणि आठ महिने पानवेलीला व केळीला बेताबेतानें मिळावा, ही ती योजना. देणाऱ्याची धांदल आणि घेणाऱ्याची संथ गरज यांच्या मध्यें उभी राहणारी जागा म्हणजे बफर, ही व्याख्या बावखलाला अक्षरशः लागू पडते. यांतील कित्येक बावखलें अलीकडे बुजविलीं गेलीं. वरवर पाहणाऱ्याला तेथें वापरांत नसलेली जागा दिसते, हेंच त्याचें कारण. रिकामी दिसणारी जागा काम करीत असते, हें पटविणें मोठें कठीण.

आमच्या विद्यार्थिनीस जें पटवावें लागलें तें याच जातीचें होतें. तिच्या बँकेंत दिवसाचे व्यवहार बंद झाल्यावर रात्रीं हिशेबांची एक लांब मालिका चालते. सकाळीं पेढी उघडण्यापूर्वीं ती संपली पाहिजे. न संपली, तर कोणाचा पगार खात्यांत दिसत नाहीं, कोणाचें निवृत्तिवेतन अडतें. ही मालिका मागेंमागें सरत पहांटेपर्यंत येऊन ठेपली होती, आणि महिनाअखेरीस तर उजाडल्यावरहि चाले. काम संपल्याखेरीज रात्रपाळीनें हलावयाचें नाहीं, असा नियम. विद्यार्थिनीची मुलगी तेव्हां पहिलींत होती. रात्रीं तिला सासूबाईंपाशीं निजवून ही निघे. आणि पहांटेची उलट्या दिशेची मोकळी गाडी चुकली कीं, घरीं पोंचेपर्यंत मुलगी शाळेंत गेलेली असे. महिन्यांतले आठ-दहा दिवस आईनें लेकीला फक्त निजलेली पाहावें, असें चाललें होतें. वरिष्ठांचें म्हणणें, यंत्र अपुरें पडतें, अधिक शक्ति विकत घ्यावी. तिचा खर्च मोठा. म्हणून तो प्रश्न एका सभेंतून दुसऱ्या सभेंत फिरत होता.

हिनें काय केलें, तर मालिकेंतील प्रत्येक काम किती बेरजा करतें हें न पाहतां किती खेपा घालतें हें मोजलें. मोजण्याचीं साधनें यंत्रांतच असतात, पाहणारा हवा. एका कामाच्या खेपा इतक्या निघाल्या कीं, तिला प्रथम आंकडा छापण्यांतच चूक असावी असें वाटलें. तें काम दिवसाच्या प्रत्येक व्यवहारासाठीं खातेदारांच्या फाईलींत एकेक खातें शोधीत असे. एवढ्या मोठ्या फाईलीला अनुक्रमणिका असते. आणि अनुक्रमणिकाच फार मोठी झाली म्हणजे तिचीहि अनुक्रमणिका करावी लागते. येथें अशा तीन पायऱ्या होत्या. खातें शोधावयाचें तर पहिली पायरी वाचावी, तिनें दाखविलेली दुसरी वाचावी, मग तिसरी, आणि शेवटीं प्रत्यक्ष खातें. एका खात्यास चार खेपा. आतां पहिली पायरी तर प्रत्येक वेळीं तीच असते. ती एकदां आणून जवळ ठेवावी कीं नाहीं? पण ठेवणार कोठें? अनुक्रमणिकेसाठीं राखलेला बफर एकच होता. दुसरी पायरी आली कीं पहिलीला उठावें लागे, तिसरी आली कीं दुसरीला. पुढच्या खात्यासाठीं पुन्हा पहिलीपासून आरंभ. एका पाटावर तीन माणसांनीं आळीपाळीनें बसावें, असा तो प्रकार.

बफर एकच ठेवावा असें ठरविलें कोणीं? कोणींच नाहीं, हीच यांतली गंमत आहे, आणि दुःखहि आहे. काम लिहिणारानें तो आंकडा सांगितला नव्हता. आणि न सांगितल्यास यंत्र स्वतःच्या समजुतीनें एक धरून चालतें. त्या शास्त्रांत अशा आंकड्यास 'डिफॉल्ट' म्हणतात. ही पद्धत बसली १९७० च्या दशकांत, यंत्राची स्मृति हिऱ्यामाणकांच्या मोलाची होती त्या काळीं. एस्सोनें आणलेल्या १४०१ या जातीच्या यंत्राला फार तर १६,००० अक्षरांची स्मृति असे. या लेखांतलीं अक्षरें त्यांत जेमतेम बसतीं. अशा काळीं एकच बफर ठेवणें हा शहाणपणा होता. २०२२ सालच्या मोठ्या यंत्रास ४० टेराबाइट, म्हणजे ४० लाख कोटि अक्षरांची स्मृति देतां येते. स्मृति स्वस्त झाली. महागाईच्या दिवसांतली संवय मात्र तशीच राहिली, कारण ती मोडा असें कोणीं सांगितलें नाहीं.

विद्यार्थिनीनें कामाच्या आज्ञापत्रांतील एक ओळ बदलून अनुक्रमणिकेच्या वरच्या दोन्ही पायऱ्या स्मृतींत राहतील इतके बफर मागितले. चार खेपांच्या दोन झाल्या. पुढें परवानगी मिळवून तिनें आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मतें ती पहिलीहून मोठी होती. दिवसाचे व्यवहार ज्या क्रमानें घडले त्याच क्रमानें कामाकडे येत. ते तिनें अगोदर खात्याच्या क्रमांकानें लावून घेतले. मग शेजारशेजारचीं खातीं एकाच गठ्ठ्यांत सांपडूं लागलीं, आणि गठ्ठा एकदां जवळ आला कीं त्यांतील पुढच्या खात्यांस खेपच लागेना. टपालवाला पत्रें घेऊन निघण्यापूर्वीं तीं आळीवार लावतो, तें हेंच. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतील जुना शिपाई मुलांच्या चिठ्या पंधरा मिनिटें जमवी, कपाटांच्या क्रमानें लावी आणि मग शिडी उचली. पोरें त्याला आळशी म्हणत. पुस्तकें त्याच्याच हातून लवकर मिळत.

याचा अर्थ बफर वाढवीत सुटावें असा नव्हे. मर्यादा सोडून रांजण घेतले, तर ते ठेवावयास घरांत जागा उरत नाहीं. यंत्राची स्मृति अशी तुंबली म्हणजे तें आपण होऊन कांहीं बफर उचलून तबकडीवर नेऊन ठेवतें, आणि जी खेप वांचवावयाची तीच मागच्या दारानें घालावी लागते. शिवाय गरज कशी आहे तेंहि पाहिलें पाहिजे. फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावयाची असेल, तर पुढचे गठ्ठे आधींच आणून ठेवणें लाभाचें. पण आतां येथलें, मग तेथलें, असें एकेक पान पाहावयाचें असेल, तर आणून ठेवलेले शेजारचे गठ्ठे वायां जातात. तेथें अनुक्रमणिका जवळ असणें महत्त्वाचें. लिहिण्याच्या बाबतींत धोका निराळा. बदललेल्या नोंदी बफरमध्यें सांठवून एकदम तबकडीवर न्याव्या, तर खेपा वांचतात खऱ्या. परंतु मध्येंच यंत्र बंद पडलें तर न लिहिलेलें तेवढें गेलें. म्हणून बँका प्रत्येक बदलाची निराळी रोजनिशी ठेवतात आणि ती मात्र तत्काळ लिहितात. वेगासाठीं काय लांबणीवर टाकावें आणि काय टाकूं नये, हा विवेक तेथेंहि सुटलेला नाहीं.

आतां हा विवेक करणारीं साधनेंहि बाजारांत मिळतात. फाईल उघडतांना तीं मध्यें उभीं राहतात, तिचा वापर कसा होणार तें पाहतात आणि बफर किती ते आपणच ठरवितात. यंत्राच्या मूळच्या व्यवस्थेंतहि तशी सोय १९९० च्या दशकापासून आहे. आमच्या विद्यार्थिनीला या साधनांचा हेवा नाहीं. तिच्या मतें तीं चांगलीं आहेत. हजारों फाईलींकडे एकेक करून पाहावयास माणसें पुरत नाहींत. "पण सर," ती म्हणाली, "साधन रांजण मोजून देतें. व्यवहार आधीं क्रमानें लावा, हें तें सांगत नाहीं. तें कामाच्या आंत शिरून पाहणारालाच दिसतें." बँकेची मालिका आतां पहांटेपूर्वीं पुरी होते. नवी शक्ति विकत घेण्याचा प्रश्न सभेंत पुन्हा निघाला नाहीं, आणि तो कां निघाला नाहीं असेंहि कोणीं विचारलें नाहीं. मुलीची वेणी घालावयास आई घरीं असते, एवढीच या सुधारणेची जाहीर नोंद.

हें सर्व ऐकून आम्हीं कौतुक केलें आणि विसरूनहि गेलों असतों. पण त्या वेळीं शेजारच्या मावशी आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांचे यजमान वारल्यानंतर कुटुंबनिवृत्तिवेतनासाठीं त्यांना एका कचेरींत जावें लागे. गाडीनें तासभर, पुढें रिक्षा, मग रांग. पहिल्या खेपेस सांगण्यांत आलें, मृत्यूचा दाखला आणा. दाखला नेला, तेव्हां फोटो मागितले. फोटो नेले, तेव्हां बँकेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत. पांच खेपा झाल्या होत्या, आणि सत्तरीच्या त्या बाईला सहावी घालावयाची होती. खिडकीवरचा कारकून उद्धट नव्हता. प्रत्येक वेळीं 'बसा मावशी' म्हणे, असें त्या स्वतःच सांगत होत्या. विद्यार्थिनीनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या नोंदी सुट्या ठेवल्या आहेत हो. एका खेपेला एकच."

आम्हांस वाटतें, आमच्या कचेऱ्यांचें, शाळांचें आणि घरांचेंहि निम्मे दुखणें या एका वाक्यांत आहे. त्या कारकुनानें एका वेळीं एकच कागद मागावा असा कोणाचा हुकूम नव्हता. सहा एकदम मागावे असाहि नव्हता. कोणींच कांहीं सांगितलें नाहीं म्हणून 'एक' हा आंकडा चालत आला. ज्या काळीं पुढच्या टेबलाला काय लागेल हें अलीकडच्या टेबलाला ठाऊक नसे, त्या काळीं त्याला कारण होतें. आज सहाहि कागदांची नांवें त्याच कारकुनाला पाठ आहेत. आणि यंत्रांतला हेलपाटा मिलिसेकंदाचा असतो. मावशींचा हेलपाटा एका दिवसाचा, दोन तिकिटांचा आणि गुडघ्यांचा असतो. येथें तबकडीच्या जागीं माणूस फिरतें.

सहाव्या खेपेला आम्ही मावशींबरोबर गेलों. काम झाल्यावर आम्हीं त्या गृहस्थांना विचारून सहाहि कागदांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून काढली. त्यांनीं ती वाचली, एक शब्द दुरुस्त केला, आणि आपण होऊनच खिडकीच्या कांचेवर आंतून चिकटविली. "बरें झालें," ते म्हणाले, "दिवसांतून चाळीस वेळां तोंडानें सांगावें लागतें." अलीकडे दुसऱ्या कांहीं कामासाठीं आम्ही तिकडे गेलों होतों. यादी तेथेंच आहे. कागद पिवळा पडला आहे, आणि खालीं कोणीं तरी शिसपेन्सिलीनें सातवा कागद लिहून ठेवला आहे.